खालचा माणूस

दाजी हे काही त्याचं नाव नव्हे. मेहुणा कामाला लागला तेव्हा तो नात्यानं त्याला दाजी म्हणायचा. मग मुकादम म्हणायला लागला, मग गोदामाचा चौकीदार, आणि शेवटी ज्यांचं सामान हलवायचं ती गिऱ्हाइकंसुद्धा "दाजी, जपून हं, आरसा आहे" असं म्हणायला लागली. एका माणसाचा दाजी बघता बघता सगळ्यांचाच दाजी होऊन बसला. त्यालाही त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

एकोणीस वर्षं या माणसानं लोकांचे संसार उचलून इकडचे तिकडे नेले. पलंग, फ्रिज, कपाटं, शिवणयंत्रं, एकदा तर दगडी टेबल, ज्याच्या मालकिणीलाही ते मुळात घरात कसं आलं हे सांगता येत नव्हतं. आणि गेले आठ महिने तो स्वतःच्या घरात, खिडकीजवळच्या खुर्चीवर, डावा पाय स्टुलावर टाकून बसला होता. ग्लासभर पाणी हवं असलं तरी आधी विचार करायचा, उठणं परवडेल का. अशा माणसाचा स्वभाव काय होणार? चिडका झाला. बायको शिवणकामाच्या कारखान्यातून दमून यायची आणि हा तिला कुकरची शिट्टी नीट का लावली नाहीस म्हणून बोलायचा. ती बिचारी ऐकून घ्यायची. मग एक दिवस तिनंही ऐकून घेणं बंद केलं आणि दोघांत नुसती शांतता राहिली.

आता हे गुडघ्याचं प्रकरण सांगितलं पाहिजे, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

जिन्यावरून जड वस्तू उतरवायची म्हणजे माणसं दोन, एक वरचा आणि एक खालचा. खालचा उलटा उतरतो, पाठ खाली करून. वस्तू त्याच्या छातीवर असते आणि वजनही जवळजवळ सगळं त्याच्यावरच असतं. वरच्याचं काम मागून ताणून धरायचं आणि बोलायचं. कारण खालच्याला स्वतःचे पाय दिसत नाहीत. डोळ्यांसमोर फक्त कपाटाचा पत्रा. वरचा म्हणतो "पायरी", की खालच्यानं पाय सोडायचा. परत "पायरी", परत पाय. "वळण" म्हटलं की अंग फिरवायचं, "टेक" म्हटलं की थांबून दम घ्यायचा. आणि जिना संपला की वरचा म्हणतो "सपाट", मग खालचा मोकळेपणानं मागे चालायला लागतो. दाजी खालचा आणि मेहुणा वरचा, अशी अकरा वर्षांची जोडी होती. मेहुण्याच्या शब्दावर दाजीचे पाय डोळे मिटून चालायचे.

त्या दिवशी एका दवाखान्याचं सामान होतं. खणांचं लोखंडी कपाट, खण न काढताच उचललेलं, कारण घाई होती. दुसऱ्या मजल्यावरून उतरताना मेहुणा म्हणाला, "सपाट." आणि एक पायरी बाकी होती.

दाजीचा डावा पाय जमिनीच्या भरवशावर मागे गेला. तिथं जमीन नव्हती. कपाट त्याच्यावर आलं ते त्यानं उजव्या कडेला ढकललं म्हणून जीव वाचला, पण गुडघा वळायला नको तिकडे वळला, आणि तो आवाज वर मेहुण्यापर्यंत गेला. सगळे धावत आले. काय झालं, काय झालं! दाजी जमिनीवर पडल्या पडल्या म्हणाला, "पाय घसरला माझा." मेहुणा जिन्यात कपाटाला धरून उभा होता. त्यानं ते ऐकलं आणि तो काही बोलला नाही. मग दवाखाना, ऑपरेशन, प्लास्टर, असे दिवस जात राहिले, आणि बोलायची वेळ निघून गेली ती गेलीच.

तर आठ महिन्यांनी, एका बुधवारी मुकादम घरी आला. पलंगाच्या काठावर बसला. चहा घेतला. इकडचं तिकडचं बोलला, पण बघत होता तो दाजीच्या तोंडाकडे नाही, गुडघ्याकडे.

"रविवारी डोंगरावर जाऊ या का रे? आपण चौघं. साधीच वाट आहे, शाळेतल्या पोरांना नेतात तसली. वारं तरी लागेल तुला."

दाजी काय दुधखुळा होता? मुकादमाला तो वीस वर्षं ओळखत होता. हा माणूस सुटीच्या दिवशी अंथरुणातून उठत नाही आणि आता याला डोंगर आठवला! सोमवारी वकिलांच्या कचेरीचं सामान निघणार होतं हे मेहुण्याकडून कळलेलं होतं. चौथा मजला, लिफ्ट बंद, फायलींची सात लोखंडी कपाटं आणि वर एक तिजोरी. खालचा कोण, हे मुकादमाला ठरवायचं होतं. आठ महिने त्या जागेवर एक गवंडी काम करत होता. बांधकाम सोडून आलेला, चाळिशीचा. तात्पुरता, असं सगळेच म्हणायचे. तो स्वतःही म्हणायचा.

"जाऊ की," दाजी म्हणाला. "त्यात काय!"

त्यात काय ते त्याला चांगलंच ठाऊक होतं. महिनाभर तो बायको कामावर गेली की वीस लिटरचा पाण्याचा कॅन खांद्यावर घेऊन इमारतीचा जिना चढ-उतर करत होता. दात-ओठ खाऊन. तळमजल्यावरच्या म्हातारीनं हे बायकोला सांगितलं. बायकोनं कॅन उचलून माळ्यावर ठेवून दिला. तो माळ्यावरून काढायला शिडी लागायची, आणि शिडी चढायची सोय नव्हती.

रविवारी सकाळी तिनं ब्रेड, उकडलेली अंडी आणि संत्री बांधून दिली. गुडघ्याचा पट्टा हातात घेऊन दारात उभी राहिली.

"हा बांधून जा."

"पट्टा बांधून गेलो तर परीक्षा कसली?"

"परीक्षा कोण घेतंय तुमची?"

त्यानं पट्टा घेतला नाही. तो तसाच जिना उतरला. खाली ट्रक उभा होता. पुढं मुकादम, मेहुणा आणि गवंडी आधीच बसले होते, पण दाजी दिसताच गवंडी टुणकन उतरून मागच्या हौद्यात चढला आणि खिडकीची जागा त्याला मोकळी करून दिली. दाजीनं नको नको म्हटलं. कोणी ऐकलं नाही. मेहुणा वर जाऊन ताईला भेटून येतो म्हणाला आणि दोन मिनिटांत परत आला.

डोंगराच्या पायथ्याशी गाड्या उभ्या करायला खडी टाकलेली मोकळी जागा होती आणि तीन दगडी पायऱ्यांवर एक छपराची शेड. आभाळ भरून आलेलं, पण पाऊस नाही. नुसतंच कोंदट, कपडे वाळू नयेत असलं. वाटेवर सुरुवातीला बारीक खडी आणि पुढं चढ लागला तिथं लाकडी ओंडके आडवे रोवून पायऱ्या केलेल्या. खरंच साधी वाट होती. एक आजोबा-आजी हातात हात घालून त्यांच्या पुढून निघून गेले, तेव्हा मुकादम म्हणाला, "बघ, ही जोडी उद्या मिळाली तर तिजोरीची चिंता मिटली." सगळे हसले.

"दाजी, तू पुढं हो," मुकादमानं सांगितलं.

दाजीला बरं वाटलं. पुढं चालायला सांगणं म्हणजे मान. पंधरा-वीस पावलं गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की सगळ्यात हळू जो असतो त्याला पुढं घालतात, म्हणजे तो मागं राहत नाही. मागचे तिघं आपली पावलं आखडून चालत होते. तीन धट्टीकट्टी माणसं, ज्यांनी चार-चार मजले फ्रिज नेले, ती त्याच्या मागं देवळाच्या रांगेत उभं राहिल्यासारखी थांबत थांबत येत होती. त्यानं वेग वाढवला. गुडघा काही बोलला नाही. अजून थोडा वाढवला. तरी नाही. मग मात्र तो मनातल्या मनात हरखला. अरे, चढतोय की आपण! उगाच घाबरलो. त्या खुर्चीनंच घाबरवलं आपल्याला.

गवंडी त्याच्या मागोमाग होता. या माणसाचा राग यावा अशी दाजीची फार इच्छा होती, पण राग येईल असं तो काही करतच नव्हता. कमी बोलायचा. कोणी विनोद केला तर जरा उशिरा हसायचा. वाटेत दाजीनं मुद्दाम विचारलं, "काय, जमतंय का काम?"

"जमवतो," गवंडी म्हणाला. "पण यांचं बोलणं पुरे झालं बुवा. तुमचा मेहुणा प्रत्येक पायरी दोन-दोनदा सांगतो. 'पायरी, पायरी आहे.' 'सपाट, सपाट, हो सपाट आहे, मी बघितलंय.' माझा पाय टेकून झाला तरी याचं सांगणं चालूच."

मुकादम खो-खो हसला. मेहुणा हसला नाही. दाजीनं मागं वळून बघितलं नाही. पोरगं अजून त्याच जिन्यात उभं आहे, त्याला वाटलं.

वर पोचायला दीड तास लागला. पाटीवर पाऊण तास लिहिलं होतं, पण तो विषय कोणी काढला नाही. वरून म्हणे सगळं शहर दिसतं, नदीचा पूल, गोदामाचं छप्परसुद्धा. त्यांना दिसलं धुकं. कठड्याच्या पलीकडं पांढऱ्याशिवाय काही नव्हतं. आलेली माणसं कठड्याला टेकून त्या पांढऱ्याचेच फोटो काढत होती.

"एवढं चढून हे बघायचं?" मुकादम म्हणाला. "माझ्या न्हाणीघरात गरम पाणी सोडलं की याहून चांगलं दिसतं."

ओल्या बाकावर बसून त्यांनी अंडी सोलली. दाजीला घाम आला होता आणि छान वाटत होतं. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्याला खरी, कामाची म्हणावी अशी भूक लागली होती. त्या भरात तो बोलून गेला.

"मग उद्या तिजोरीला मी."

गवंडी संत्रं सोलत होता, तो सोलतच राहिला. मेहुण्यानं पाण्याची बाटली उघडली आणि न पिताच बंद केली. मुकादमानं टरफलं कागदात गोळा केली, कागदाची नीट घडी घातली, तेवढी नीट घडी त्यानं आयुष्यात कधी घातली नसेल.

"आधी उतरू तर," तो म्हणाला.

आणि खरी गंमत तिथंच होती. चढण्याला कोण विचारतो? चढताना गुडघा वाकतो आणि सुटतो. उतरताना अख्खं अंग त्याच्यावर येतं. खालच्या माणसाचं सगळं काम उतरण्याचं. वीस लिटरचा कॅन घेऊन दाजी जिना चढायचा तो धडाधड, आणि उतरायचा तो कठडा धरून, एकेक पायरी, थांबत थांबत. हे त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नाही.

पहिले वीस-पंचवीस ओंडके ठीक गेले. मग गुडघ्याच्या आत, वाटीच्या खाली, कोणी खिळा लावून धरावा तसं दुखायला लागलं. त्यानं चेहरा तसाच ठेवला. ओंडके ओले होते. दुखरा पाय जपून खाली टाकायचा, मग दुसरा जवळ आणायचा, परत दुखरा. असा तो उतरत होता, आणि आपण असे उतरतोय हे मागच्यांना दिसतंय, हेही त्याला कळत होतं.

थोड्या वेळानं मेहुणा पुढं झाला. त्याच्याकडे तोंड करून दोन ओंडके खाली उलटा उतरायला लागला. दोन्ही हात किंचित पुढं केलेले. गवंडी मागं आला आणि त्यानं दाजीच्या पाठीवरच्या पिशवीचा बंद मुठीत धरला. कोणी ठरवलं नव्हतं. रोजच्या कामाची सवय, त्यांचं त्यांनाच कळलं नसेल.

"पायरी," मेहुणा म्हणाला. "पायरी आहे. हं. पायरी. ही जरा खोल आहे. पायरी. टेक, दाजी, टेक जरा."

दाजी टेकला. परत निघाला. बाजूनं माणसं जात होती, थोडी थांबून वाट देत होती.

"वळण," मेहुणा म्हणाला.

"जपून रे पोरांनो," मुकादम मागून म्हणाला, "काचेचं सामान आहे!"

सगळे हसले. दाजीही हसला. सवयीनं हसला, कारण हा विनोद त्यानंच एकोणीस वर्षं प्रत्येक आरशाला, प्रत्येक शोकेसला केला होता. आणि हसता हसताच त्याला कळलं. खाली एक माणूस, वर एक माणूस, तोंडानं सांगणं चाललेलं, आणि मधे आपण. आपल्याला उतरवतायत. आपण माणसांमधलं माणूस राहिलो नाही, सामान झालो. त्याला इतकं वाईट वाटलं की क्षणभर गुडघा दुखायचा थांबला.

"गप्प बस," तो मेहुण्यावर ओरडला. "मला दिसतंय! मी आंधळा नाही. हो बाजूला!"

मेहुणा बाजूला झाला. दाजीनं मागं हात नेऊन गवंड्याच्या मुठीतून पिशवीचा बंद सोडवला. पुढचे चार ओंडके तो एकटा उतरला, सरळ, पूर्वीसारखा, एकामागून एक पाय टाकत. पाचव्याला गुडघा मुडपला. पडला नाही, पण खाली बसला, धप्पकन, चिखलात, आणि बसूनच राहिला.

कोणी धावलं नाही, हे एक त्यांनी बरं केलं. मेहुणा हळूहळू येऊन त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसला. आपल्या पिशवीतून त्यानं पट्टा काढला.

"हा कुठून आला?"

"ताईनं दिला. म्हणाली, लागेल."

म्हणजे सकाळीच ठरलं होतं. बायकोला ठाऊक होतं, मेहुण्याला ठाऊक होतं, बहुतेक त्या तळमजल्यावरच्या म्हातारीलाही ठाऊक असेल. दाजीनं पाय पुढं केला. मेहुणा पट्टा बांधायला लागला. पट्टी दोनदा चुकीच्या कडीतून गेली.

"दाजी," तो खालमानेनं, अगदी हळू म्हणाला, "त्या दिवशी जिन्यात, मी..."

"पाय घसरला माझा."

"नाही, पण मीच..."

"पाय घसरला म्हणतो ना! ऐकू येत नाही?"

मेहुण्यानं वर बघितलं. त्याचे डोळे भरले होते. दाजीला ते बघवेना, पण त्यानं त्याला बोलूही दिलं नाही. बोलू दिलं असतं तर पोरगं मोकळं झालं असतं, हे त्याला कळत होतं. पण मग उद्या मुकादमानं दाजीला परत घेतलं असतं तर ते मेहुण्याच्या चुकीची भरपाई म्हणून, कीव म्हणून. आणि दाजीला आपली जागा हवी होती ती आपल्या पायांवर. असला हट्ट माणसाला कुठं नेतो कोण जाणे. त्यानं मेहुण्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि उभा राहिला.

उरलेली वाट तो तसाच उतरला, मेहुण्याच्या खांद्याला धरून, "पायरी, पायरी" ऐकत. त्याच्या डोक्यात हिशेब चालला होता. मुकादम खाली पोचल्यावर बोलणार. बिचाऱ्याला बोलता येणार नाही, तोंडात शब्द घोळवेल, गुडघ्याकडे बघेल. त्यापेक्षा आपणच बोलावं. आपण नाही म्हणावं. मग तो म्हणेल, असं काय करतोस, आणखी महिनाभर थांब, बघू. मेहुणा तर नक्कीच म्हणेल. एवढं ऐकलं तरी पुरे. महिनाभर नाही, दोन महिने थांबू. जिन्याचा सराव करू, यावेळी नीट, उतरण्याचा. कॅन माळ्यावरून कोणाकडून तरी काढून घेऊ.

खडीच्या जागेत ट्रक तसाच उभा होता. मुकादम फडकं घेऊन काच पुसायला लागला. काच स्वच्छ होती.

"उद्याचं..." मुकादमानं सुरुवात केली.

"मी नाही येत," दाजी म्हणाला. "उद्या नाही आणि नंतरही नाही. मला नाही जमायचं आता."

आणि तो थांबला.

मुकादमानं फडकं बॉनेटवर ठेवलं. त्याचे खांदे खाली आले, कोणी त्याच्या पाठीवरून काहीतरी उतरवून घेतल्यासारखे. मेहुणा बुटांकडे बघत होता. शेडमध्ये कोणाचं तरी बाळ रडत होतं. दाजी वाट बघत होता. एक जण म्हणू दे. कोणीही. खोटं म्हटलं तरी चालेल.

"बरं केलंस," मुकादम म्हणाला. मग घाईनं म्हणाला, "म्हणजे बरं असं नाही रे... पण तूच बोललास ते. चार दिवस झोप नाही मला. तुला कसं सांगायचं, या काळजीनं बायकोशी भांडलो." त्यानं दाजीचा हात दोन्ही हातांत घेतला. "आणि गोदामात ये तू. खोक्यांवर चिठ्ठ्या लावायला माणूस लागतोच. बसून काम. तुझ्यासाठी खुर्ची ठेवतो."

"ताईपण म्हणत होती," मेहुणा हळूच म्हणाला, "दाजींनी स्वतःहून म्हटलं तर बरं होईल."

दाजीनं मान हलवली. बायकोच्या हातची संत्री अजून दोन शिल्लक होती, ती त्यानं पिशवीतून काढून उगाच ट्रकच्या पायरीवर ठेवली. त्या लोकांचा राग करावा असं काही नव्हतं. त्यांनी त्याला दगा दिला नव्हता. त्याला लाज वाटू नये म्हणून ती सगळी माणसं दिवसभर धुक्यात चालली होती, आणि त्यामुळेच त्याला कुठं बघावं कळत नव्हतं.

गवंडी इतका वेळ लांब उभा होता. तो जवळ आला.

"दाजी, एक विचारू का?"

"विचार."

"आठ महिने विचारलं नाही. म्हटलं तुम्ही येणार, तुमची जागा, आपण कशाला शहाणपणा करा. पण आता उद्या ती तिजोरी आहे." तो अवघडला. "जिन्याच्या तोंडाशी मला दर वेळी गचका बसतो. तुमच्या कपाटावर म्हणे पाणी ठेवलं तरी हलायचं नाही. पहिला पाय कुठला सोडायचा?"

दाजीनं सांगायला तोंड उघडलं, आणि त्याला सांगता येईना. कुठला बरं? एकोणीस वर्षं सोडला, कधी विचार केला नव्हता.

"थांब, करून दाखवतो," तो म्हणाला आणि लंगडत शेडच्या त्या तीन दगडी पायऱ्यांवर चढला. खडीकडे पाठ केली. दोन्ही हात पुढं पसरले, कपाट धरल्यासारखे. डोळे मिटले. पायांना आपोआप आठवेल म्हणून वाट बघितली.

पाय गप्प होते. आठवलं ते एवढंच, की दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून तीनदा कानीकपाळी ओरडायच्या: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा. त्याच्या आतलं, त्याच्या आधीचं, त्यानं खूप शोधलं. तिथं काही उरलं नव्हतं. खाली तिघं तोंड वर करून थांबले होते, तिघांचाही त्याच्यावर पूर्ण भरवसा होता.

"डावा," तो म्हणाला, आणि डावा पाय मागे खाली टाकून, उजवा त्याच्याजवळ आणून, एक पायरी उतरला.

"डावा," गवंड्यानं मन लावून ऐकलं. मग तोही वर जाऊन पाठमोरा उभा राहिला, हात पसरले, आणि उतरायला लागला. डावा आधी, जपून. मग उजवा ओढून जवळ. मग थांबणं. परत डावा. दोन धडधाकट पायांचा तो आडदांड माणूस तीन पायऱ्या लंगडत उतरला, अगदी दाजीसारखा, आणि खाली पोचून त्यानं वळून विचारलं, "असंच ना?"

मुकादमानं तोंड फिरवलं.

"असंच," दाजी म्हणाला.